माणसाच्या चवीची वही

लेलेमास्तरांचा आवाज मुळात वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून घडलेला होता, आणि निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी तो लहान करण्याची कला काही त्यांना साधली नव्हती. त्यामुळे एका सकाळी वाचनालयात माझ्या टेबलापाशी येऊन, "मीनाक्षी, माणसाचं मांस चवीला कसं लागतं यावर आपल्याकडे काही आहे का गं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा ते मला, पेपर वाचणाऱ्या चौघांना, पाककृतींचं मासिक चाळणाऱ्या दोन बायकांना आणि बाहेर ओसरीवर मासळीची पाटी घेऊन बसलेल्या जयवंतीला एकदमच ऐकू गेलं.

चारही पेपर खाली आले. बायकांनी मासिक मिटलं. आमच्याकडे वाचकांच्या मागणीची नोंदवही असते आणि तिच्यात विषयाचा रकाना असतो. मी जरा विचार केला आणि त्या रकान्यात 'आहार' असं लिहिलं.

"नाही हो मास्तर, तसलं काही नाही," मी म्हटलं.

"तालुक्याच्या वाचनालयात?"

"विचारून बघते."

"बघ. आणि नुसतं चवीचं असेल तर अर्धंच काम होईल. वास, रंग, दाताखाली कसं लागतं, सगळं हवंय. पंचेंद्रियं." एवढं बोलून त्यांनी शर्टाच्या मागच्या कॉलरला अडकवलेली छत्री चाचपली, खिशातला रुमाल काढून नाकाला लावला आणि जयवंतीच्या पाटीला वळसा घालून ते पायऱ्या उतरून गेले.

हा रुमाल नाकाला लावण्याचा कार्यक्रम रोजचा होता. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात मासे न खाणारी घरं एका हाताच्या बोटांवर मोजून वर अंगठा उरेल एवढीच. त्यातलं कांदा-लसूणसुद्धा न खाणारं घर एकच, ते लेल्यांचं. घरी वांग्याचं भरीत करायचं झालं तर लेलेकाकू शेजारच्या परसात जाऊन वांगं भाजत, कारण भाजल्या कातडीच्या वासाने मास्तरांचं डोकं उठे. असा हा माणूस. त्याला माणूस खाण्याची माहिती हवी होती.

याचं कारण एक संपादक होते. त्यांचं नाव मला माहीत आहे, पण सांगत नाही. त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही.

मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. मलाही शिकवलं. पण त्यांचा जीव होता कथांमध्ये. दरवर्षी पावसाळा लागला की ते दिवाळी अंकांना कथा पाठवत आणि दरवर्षी त्या 'साभार परत' येत. कथा नीटनेटक्या असत. समासही सोडलेला असे. कथेतले लोक प्रामाणिक असत, एकमेकांना चहा देत, गैरसमज होत आणि शेवटच्या पानावर ते दूर होत. एका दिवाळीत मात्र परत आलेल्या कथेला चिठ्ठी जोडलेली निघाली. 'तुमची माणसं चहा पितात, पण चहाला वास येत नाही. जेवतात, पण चव लागत नाही. वासाचं काही लिहा.' मास्तरांनी ती चिठ्ठी मला दाखवली तेव्हा ती उघडून उघडून घडीवर फाटत आली होती.

"चौऱ्याहत्तर वर्षं झाली मला, मीनाक्षी," ते म्हणाले. "आता किती दिवाळ्या उरल्या असतील? एक कथा छापून यावी. जास्त नको, एक. या खेपेला असा वास आणतो की संपादकाने खिडकी उघडली पाहिजे."

दुसरा कोणी असता तर त्याने बटाटेवड्यापासून सुरुवात केली असती. मास्तर एकदम कळसालाच गेले. कथा ठरली ती अशी : होडीत चार खलाशी, इंजिन बंद पडतं, वाऱ्याने होडी भरकटते, बावीस दिवस किनारा दिसत नाही. चौथा मरतो आणि उरलेले तिघे त्याला खातात.

पण पाहिल्याशिवाय लिहू नये, मोजल्याशिवाय बोलू नये, हे मास्तरांचं ब्रीद. त्यांचं सगळं आयुष्यच प्रयोगवहीत उतरलेलं असे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. एकदा काकूंनी गार चहा दिला तर त्यांनी म्हणे पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं होतं, 'निरीक्षण : चहा गार. निष्कर्ष : बहिणीचा फोन आला होता.' काकूंनी त्याखाली लिहिलं, 'निष्कर्ष बरोबर. चहा हवा असल्यास स्वतः करणे.' तर या कामासाठीही नवी दोनशे पानी वही आणली गेली, तिला खाकी कव्हर घातलं गेलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं गेलं : 'माणूस – चव, वास, इत्यादी.' ती वही काखेत मारून ते गावभर फिरत.

पहिला प्रयोग त्यांनी स्वतःवर केला. दातांखाली माणूस कसा लागतो हे कळावं म्हणून ते स्वतःच्याच दंडाला कडकडून चावले. चांगलं रक्त आलं. काकूंनी त्यांना आरोग्य केंद्रात पाठवलं. तिथले डॉक्टर मास्तरांचेच विद्यार्थी.

"कुत्रा काय, सर?"

"नाही. मी."

"नाही, चावलं कोण ते विचारतोय."

"तेच सांगतोय. मीच चावलो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सर, आमच्याकडे पद्धत अशी आहे की चावणाऱ्यावर दहा दिवस नजर ठेवायची," ते म्हणाले. मास्तर म्हणाले, "ठेवा. मी घरीच असतो."

त्या दिवसाची वहीतली नोंद मी स्वतः वाचली आहे. 'निरीक्षण : कातडी खारट. निष्कर्ष : स्वतःला चावताना जबडा आपोआप मध्येच थांबतो. दुसऱ्याला चावताना थांबेल किंवा कसे, हे तपासण्यास साहित्य उपलब्ध नाही.' साहित्य व्हायला काकूंनी साफ नकार दिला होता.

मग आला श्रावण. कच्चं मांस हाताला कसं लागतं, थंड की ऊन, लिबलिबीत की घट्ट, हे समजल्याशिवाय कथा पुढे सरकेना. म्हणजे खाटकाकडे जाणं आलं. आता लेलेमास्तर खाटकाच्या दुकानात दिसले तर गाव काय म्हणेल? मास्तरांनी गणिती डोकं चालवलं. दुकानात गर्दी कधी नसते? सोमवारी नसते. सोमवारांत कुठल्या सोमवारी अगदीच नसते? श्रावणी सोमवारी. म्हणून हा साधा सरळ माणूस श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी दहा वाजता, गर्दी नसेल या हिशेबाने, एस.टी. स्टॉपच्या समोरच्या खाटकाच्या दुकानात शिरला.

गर्दी नव्हतीच. अख्ख्या रस्त्यावर दुकान तेवढं उघडं होतं, तेही शिरोड्याच्या एका हॉटेलातल्या पर्यटकांची ऑर्डर होती म्हणून, आणि दुकानात मास्तर तेवढे उभे होते. डोळे मिटून, उजव्या तळहातावर मांडीचा तुकडा घेऊन, ओठ हलवत. ते तुकड्याचं वजन हाताने जोखत होते. समोर सावंतवाडीची गाडी थांबली होती आणि देवळाला निघालेल्या बायका तिच्यात चढत होत्या. मास्तर घरी पोचायच्या आत त्यांचा फोटो गावाच्या ग्रुपवर पोचला. खाली कोणीतरी हात जोडले होते.

संध्याकाळी देवस्थान कमिटीची तातडीची सभा लागली. श्रावणात देवळात पोथी वाचायचा मान मास्तरांचा. अध्यक्ष आमचे दाजी. दाजी देवस्थानाचेही अध्यक्ष, वाचनालयाचेही अध्यक्ष, आणि खाण्याच्या बाबतीत गावाचे अखेरचे न्यायाधीश. मोरीचं मटण, म्हणजे शार्क माशाचं तिखट कालवण, हा त्यांचा जीव की प्राण. पण सोमवारी ते मासळी तळलेल्या तेलाचाही वास घेत नसत. सभेचं इतिवृत्त लिहायला मला बोलावलं होतं, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"मास्तर," दाजी घसा खाकरून म्हणाले, "दुसऱ्या कोणी केला आसता तर मी गप रवलंय आसतंय. पण तुमी? श्रावणात? सोमवारी? बोकडाचा मटाण?"

"मी खाल्लं नाही, दाजी. नुसतं हातात धरलं."

"धरूचा तरी कित्याक?"

"मला माणसाच्या मांसाचा अंदाज घ्यायचा होता."

देवळातल्या घंटेखाली मांजर झोपलेलं होतं, तेवढंच निवांत होतं.

"म्हंजे," दाजींनी एकेक शब्द तपासत विचारलं, "बोकडाचा खाऊचा नव्हता?"

"छे छे!"

"माणसाचा?"

"हो. गोष्टीपुरतं."

दाजींनी मोठा श्वास सोडला. आजूबाजूच्या सगळ्यांचे खांदे सैल पडले. "मगे तसा पयला सांगूचा नाय! आमका वाटला मास्तर बाटले." मी इतिवृत्तात लिहिलं, 'गैरसमज दूर झाला. पोथीवाचन ठरल्याप्रमाणे.' मास्तरांच्या कथेत शोभला असता असा हा शेवट.

या सगळ्या धामधुमीत ज्या एकीला विचारायला हवं होतं तिच्यासमोरून मास्तर रोज दोनदा जात होते. रुमाल नाकाला लावून.

जयवंतीबद्दल थोडं सांगायला हवं. वाचनालयाच्या ओसरीवर सकाळी सावली असते म्हणून ती तिथे बसते. ग्रंथांच्या दारात मासे नकोत असा ठराव आमच्या कार्यकारिणीने तीनदा केला आहे आणि तिन्ही वेळा सभा उठताना सदस्यांनी तिच्याकडूनच मासे नेले आहेत. पाटीत बांगडे, सौंदाळे, पेडवे, कधी इसवण असते. मोरी मात्र कधीच नसते. पर्यटक विचारतात, ती नुसती मान हलवते. गावातलं कोणी विचारत नाही. तिचा नवरा पांडुरंग नऊ वर्षांपूर्वी समुद्रात गेला तो आलाच नाही. होडी वाहत किनाऱ्याला लागली, बरोबरचे दोघे पोहून आले. पांडुरंग सापडला नाही. मास्तर तेव्हा तिच्या घरी जाऊन बसून आले होते, 'धीर धर' म्हणाले होते. मग इतर सगळ्यांसारखं त्यांनीही ते मनातून पुसून टाकलं असावं. कारण कथेतले चार खलाशी आणि ओसरीवरची जयवंती यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसले. संपादकाच्या चिठ्ठीची ती फाटत आलेली घडी मला आठवत राहिली.

अनंत चतुर्दशी झाली आणि त्या शुक्रवारी सकाळी वाचनालयात कथावाचन ठेवलं. संपादकाला पाठवण्याआधी जाणकारांचं मत घ्यावं, ही मास्तरांची इच्छा. जाणकार पंचवीसेक जमले. खाण्याचा विषय आहे हे गावभर झालेलं होतं.

मास्तर खणखणीत वाचत होते. वादळ झालं, इंजिन बंद पडलं, पाणी संपलं. कोणी चुळबूळ करेना. चौथा मेला तेव्हा मागे कोणीतरी 'अरेरे' म्हणालं. मग तिघांनी सुरा काढला आणि जाणकार जागे झाले.

"कच्चोच खातत?" एकाने विचारलं.

"चूल नाही होडीवर," मास्तर म्हणाले.

"चूल नाय तर नाय. पण वाटाप नाय, तिरफळा नाय, चव येतली खंयसून? निदान सोला तरी."

"मीठ?"

"दर्यात बसलेत मरे ते! मीठ कित्याक व्हया?"

"नुसत्या मिठान काय जाता? माझी सासू म्हणा, आंबटाण नाय तर खाऊ नये."

मास्तर वहीत भराभरा टिपून घेत होते. एवढ्यात दाजींनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

"मास्तर, त्या दिसा वार कुठचो?"

"वार लिहिलेला नाही."

"थंयच तुमची गोष्ट फसली. सोमवार आसलो तर ते खावचे नाय."

"अहो दाजी, बावीस दिवस उपाशी माणूस वार बघेल?"

"बगतलो! आमच्या हयचो माणूस वार बगतलोच. सोमवार एक दीस काढतलो आणि मंगळवारी खातलो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनीही लिहून घेतलं, 'मंगळवार करणे.'

तेव्हा दारातून आवाज आला. जयवंती चौकटीला टेकून उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"मास्तर, तो जो चौथो मेलो, तेचा नाव काय?"

मास्तरांनी पानं उलटली. "नाव असं... चौथाच म्हटलंय त्याला."

"आणि खातत ते तीन?"

"त्यांना आहेत. बाबू, विष्णू आणि सखाराम."

"खातत तेंका नावा आसत आणि खाल्लो तेका नाय," जयवंती म्हणाली. ती रागावलेली वाटली नाही. "बरा केलात. नाव आसला तर घास गळ्याखाली उतरणा नाय."

ती गेली. पाटी डोक्यावर चढवताना तिने नेहमीसारखी मला हाक मारली नाही, एकटीनेच चढवली. आत कोणी कोणाकडे बघेना. दाजी उठले, चप्पल शोधत बसले, पायातच होती. मास्तर तसेच उभे होते, हातात कथेचे कागद घेऊन. मग अगदी हळू, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच एवढं हळू, ते म्हणाले, "पांडुरंग. पांडुरंग नाव होतं ना गं त्याचं?" मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाचनालयात आले ते आत आलेच नाहीत. ओसरीवर, जयवंतीच्या पाटीपासून हातभर अंतरावर, पायरीवर बसले. रुमाल खिशातच होता. माझं टेबल खिडकीला लागून आहे. ऐकू नये असं मला वाटलं, पण मी उठले नाही, हे सांगून टाकलेलं बरं.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले.

"तुमचा काय चुकला? तुमी चव इचारीत फिरताहात. इचारणाऱ्याचा चुकणा नाय." तिने माशांवर पाणी शिंपडलं. मग स्वतःहूनच बोलायला लागली.

"तो गेलो, तेच्यानंतर तेरा दीस गावान मासो खाल्ल्यान नाय. दर्यान माणूस घेतल्यान की तशी रीत आसा आमची. कोणी जाळी टाकूक नाय. माका बरा वाटला, खोटा कित्याक सांगू. चवदाव्या दिसा होडये गेले आणि मोरी गावली. ही इतकी. पाटयेभर. गावान घेतल्यान. दाजींनी दोन न्हेल्यानी. माझ्याच हातान मी इकलंय." तिने पाटीवरचं फडकं सारखं केलं. "दर्यान माणूस खाल्ल्यान. मोरयेन काय खाल्ल्यान ता देव जाणा. आणि मोरी गावान खाल्ल्यान. तुमी नाय, मास्तर. सगळ्या गावात तुमी एकटेच तेका खाऊक नाय, आणि तुमीच चव इचारीत फिरताहात."

त्या आठवड्यात आमच्याकडेही मोरी झाली होती. मी दोनदा वाढून घेतलं होतं.

"एक मी घराक न्हेलंय," जयवंती म्हणाली. "खोबरा भाजलंय, वाटाप लावलंय, तिरफळा घातलंय. तेका आवडा तसाच सगळा. म्हटलंय, गावलो नाय तो गावलो नाय. असो तरी घराक येवंदे."

मास्तरांच्या मांडीवर वही उघडी होती आणि हातात पेन होतं. मला मास्तर माहीत होते. निरीक्षणाचा रकाना रिकामा ठेवून ते कधी उठले नव्हते. आता हे विचारणार, असं वाटून मी खिडकीचा गज घट्ट धरला. मास्तरांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली.

"इचारा," जयवंती म्हणाली. "नव वर्सा झाली. माका कोणी इचारूक नाय."

मास्तरांनी मिटलेली वही पायरीवर बाजूला ठेवली.

"बरी लागली, मास्तर," ती म्हणाली. "बरी लागली, ताच माका वायट वाटता. तेच्यानंतर मोरी मी पाटयेत घेवक नाय."

मास्तरांनी कथा नव्याने लिहिली. चौथ्याला नाव दिलं : दामोदर. हे त्यांचं स्वतःचं नाव. गावात ते कोणी घेत नसे, सगळे मास्तरच म्हणत. नव्या कथेत खाण्याचा प्रसंगच नव्हता. तिघे सुरा काढतात, त्यातला एक सवयीने मेलेल्याला नावाने हाक मारतो आणि सुरा तसाच राहतो, इथेच कथा संपत होती. मला वाचायला दिली तेव्हा मी ती वाचली आणि उगाचच त्यांना एक पुस्तक दिलं. ते त्यांनी कधी परत केलं नाही. वाचनालयाच्या दप्तरी लेलेमास्तरांच्या नावावर अजून ते एक येणं आहे.

मास्तरांकडे साधा फोन, म्हणून संपादकांच्या निरोपासाठी माझा नंबर दिलेला होता. दसऱ्याच्या चार दिवस आधी निरोप आला. मी धावतच त्यांच्या घरी जाणार होते, पण तेच समोरून आले. जयवंती ओसरीवर गिऱ्हाइकांत गुंतलेली होती, मी तिथेच वाचनालयाच्या पायरीवर वाचून दाखवला : 'कथा अंगावर येते. छापायची आहे. पण तिघे काहीच खात नाहीत, मग वाचकाने काय खायचं? खाण्याचा एक परिच्छेद हवा. फार नको, चवीचं एक वाक्यसुद्धा चालेल. अंक छपाईला जातोय, उद्यापर्यंत कळवा.'

एक वाक्य. जयवंतीचं ते वाक्य आम्हा दोघांनाही पाठ होतं. सोळा वर्षांच्या ग्रंथपालपणाच्या जोरावर सांगते, त्याहून भयंकर वाक्य त्या वर्षी कुठल्याच दिवाळी अंकात आलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, नाव कुठे घालायचंय आपल्याला? नुसतं वाक्य. कोणाला कळणार?" हे मी म्हटलं. मला त्यांची कथा छापून यायला हवी होती.

"तिला कळेल," मास्तर म्हणाले. "लिही. 'चव मला माहीत आहे, पण ती दुसऱ्याच्या घरची आहे. मला देता येत नाही. कथा परत पाठवावी.' आणि 'आपला विश्वासू' लिही."

मी लिहिलं आणि पाठवलं. कथा साभार परत आली. दिवाळीनंतर मुलगा मास्तरांना आणि काकूंना पुण्याला घेऊन गेला आणि शिमग्याच्या आधी तिकडून मास्तर गेल्याची बातमी आली. काकूंनी खाकी कव्हरची वही माझ्याकडे पाठवून दिली. तिच्यात 'मंगळवार करणे' या नोंदीनंतर काही लिहिलेलं नाही. फक्त शेवटच्या पानावर माशांची नावं आहेत.

मास्तरांनी जे दिलं नाही ते मी इथे लिहून बसले आहे, म्हणून हेही सांगायला हवं. लिहिण्याआधी मी जयवंतीला विचारलं. तिने सौंदाळे मोजता मोजता म्हटलं, "लिय. पण दोघांचा नाव घाल." म्हणून घातली आहेत. पांडुरंग आणि दामोदर.

माशांची नावं त्या निरोपाच्याच दिवसाची. 'आपला विश्वासू' सांगून झाल्यावर मास्तर उठले, छत्री कॉलरला अडकवली आणि सवयीने खिशात हात घातला. रुमाल अर्धा बाहेर आला होता. तो त्यांनी पुन्हा आत ढकलला. मग वळसा न घालता ते सरळ जयवंतीच्या पाटीपाशी गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि शाळेत पहिल्या दिवशी पोरांची हजेरी घ्यावी तसं विचारायला लागले.

"याचं नाव काय?"

"ह्यो बांगडो."

"आणि हा, चोच असलेला?"

"सौंदाळो, मास्तर. चाळीस वर्सा नाक धरून जाताहात, सौंदाळो म्हायत नाय?" जयवंती हसली. पांडुरंग गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मास्तर एकेक नाव वहीत उतरवून घेत होते. पेडवे, इसवण, कर्ली, लेपी. पाटीतले सगळे झाले, तसं त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते पायऱ्या उतरले. पाटीत नसलेल्या माशाचं नाव त्यांनी विचारलं नाही.